समोरच्याचं नीट ऐकायचं कसं?

गप्पा मारताना एकाचं बोलणं संपलं की दुसरा सरासरी 200 मिलिसेकंदात, म्हणजे पापणी लवते तेवढ्यात बोलायला लागतो. आणि एखादा साधा शब्द डोक्यात जुळवून तोंडातून बाहेर काढायलाच 600 मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. आता हिशोब करा, समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर तयार करायला घेतलेलं असतं. हे सगळ्यांचंच होतं, त्यात कुणाचा दोष नाही, पण सगळी गडबड इथेच होते म्हणून सवय पण इथेच बदलायची.

1. आधी फोन लांब ठेवा. हातात नको, समोर पण नको. आणि खरंच वेळ नसेल तर सरळ सांगा, "आत्ता माझं डोकं जागेवर नाहीये, रात्री निवांत बोलूया." अर्धवट हं हं करण्यापेक्षा हे शंभरपट बरं, फक्त रात्री आठवणीने तुम्हीच विषय काढा.

2. समोरचा थांबला की एक श्वास जाऊ द्या. बस एवढंच. पहिल्यांदा फार अवघडल्यासारखं होतं, पण करून बघा. माणूस आधी वरवरचं बोलतो आणि मनातलं बऱ्याचदा त्या शांततेनंतर बाहेर येतं.

3. स्वतःचा किस्सा आवरा. समजा मैत्रीण म्हणाली, "आज मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर बोलले मला." आपण लगेच, "अगं माझे साहेब तर रोजच बोलतात!" हेतू चांगलाच असतो, तू एकटी नाहीस असं सांगायचं असतं, पण तिचा विषय तिथेच संपतो आणि आपला सुरू होतो. त्याऐवजी "सगळ्यांसमोर? मग तू काय केलंस?" एवढं विचारा, ती पुढचं आपोआप सांगेल.

4. समजलं ते आपल्या शब्दात बोलून दाखवा. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये ज्याला अ‍ॅक्टिव्ह लिसनिंग, म्हणजे समोरच्याला समजून घेत ऐकणं, म्हटलं, त्यातला हा महत्त्वाचा भाग. "म्हणजे चूक दाखवली त्याचं नाही, चारचौघात दाखवली त्याचं वाईट वाटलं, बरोबर?" पोपटासारखं तेच वाक्य परत म्हणायचं नाही हं, ते लगेच कळतं आणि खटकतं. आणि ती "नाही गं, तसं नाही" म्हणाली तरी चांगलंच, कारण आता ती नक्की काय ते सांगणार.

5. सल्ला द्यायच्या आधी विचारा. हे मला सगळ्यात अवघड गेलं. माझी बहीण एकदा फोनवर नोकरीचं काहीतरी सांगत होती आणि मी दोन मिनिटात तीन उपाय सांगून मोकळी, तर ती हळूच म्हणाली, "ताई, मला माहितीये काय करायचं ते, मला फक्त सांगायचं होतं." ते फार लागलं मला. तेव्हापासून मी आधीच विचारते, "काही सुचवू की नुसतं ऐकू?" बहुतेक वेळा उत्तर येतं, नुसतं ऐक.

6. "का" जरा जपून. "असं का केलंस?" म्हटलं की उलटतपासणी वाटते, "तेव्हा नक्की काय झालं?" म्हटलं की माणूस मोकळं बोलतो.

आणि एवढं करूनही मधेच लक्ष भरकटणारच, तेव्हा समजल्यासारखी मान हलवू नका. "सॉरी, मधलं निसटलं माझ्याकडून, परत सांग ना" म्हणा. कुणी रागावत नाही, उलट परत सांगताना माणूस मगाशी राहिलेलं पण सांगून जातो.