थंडीत केस कसे सांभाळावेत: खोबरेल, विसण आणि कोंडा

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की न्हाणीघरातलं पाणी आणखी कढत होतं आणि फणीत अडकणारे केसही वाढतात. दोष मात्र थंडीला मिळतो. हवा कोरडी झाली की केस रखरखीत होतात हे खरंच, पण माझ्या मते खरं नुकसान बादलीतून होतं. त्यामुळे हिवाळ्यात महागडी बाटली आणण्याआधी नहाण्याची पद्धत बदलून पाहा.

आधी तेल, तेही नहाण्यापूर्वी

खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजतं, म्हणजे पुण्या-नागपुरात हिवाळ्यात सकाळी बाटली पांढरी दिसणार. ते खराब झालेलं नसतं. गॅसवर धरू नका. गरम पाण्याच्या तांब्यात बाटली दहा मिनिटं उभी ठेवली की पुरतं. तेल बोटाला कोमट लागावं, चटका बसू नये.

खांद्यापर्यंतच्या केसांना दोन चमचे तेल भरपूर झालं. आपली सवय सगळं तेल टाळूवर जिरवायची, पण त्याची गरज केसांच्या लांबीला आणि टोकांना जास्त असते. टाळू स्वतःचं तेल तयार करते, टोकांपर्यंत ते पोचतच नाही. केस भिजले की फुगतात, वाळले की आकसतात, आणि या ओढाताणीत त्यांच्यातलं प्रथिन झिजतं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि ही झीज कमी करतं. मुंबईतल्या संशोधकांनी 2003 साली सूर्यफूल आणि खनिज तेलाशी तुलना करून हे दाखवलं होतं. खनिज तेल वरवर चकाकी देतं, आत जात नाही.

तासभर तेल राहिलं तरी चालतं. रात्रभर ठेवायचंच असा काही नियम नाही. तेलकट डोक्याने दिवसभर स्कूटरवर हिंडू मात्र नका, धूळ चिकटते.

कोरडे असतानाच गुंता सोडवा

ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो. म्हणून नहाण्याआधीच रुंद दातांच्या फणीने टोकांपासून वर सरकत गुंता काढा. मुळापासून खाली ओढलं की गाठ आणखी घट्ट बसते.

पाण्यात विसण घाला

अंगाला बरं वाटणारं पाणी डोक्याला कढतच असतं. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. कढत पाण्याने त्यांच्यावरचं तेल निघून जातं, केस खरखरीत होतात आणि एकमेकांत अडकतात. टाळूही कोरडी पडून खाजते.

यावर सोपा उपाय म्हणजे डोक्याचं पाणी वेगळं काढणं. एका बादलीत विसण घालून पाणी कोमट करा. कोपर बुडवला तर ना गार, ना गरम असं लागलं पाहिजे. आधी डोकं धुऊन घ्या, मग अंगावर हवं तेवढं गरम पाणी घ्या. शॉवर असेल तर डोकं धुताना गिझरच्या नळात गार पाणी जास्त सोडा.

शाम्पू थेट डोक्यावर ओतू नका. मगात थोड्या पाण्यात मिसळून तो टाळूवर बोटांच्या पेरांनी चोळा, नखांनी नाही. खाली ओघळणारा फेस लांबीला पुरतो. आठवड्यातून दोनदा बहुतेकांना बस होतं. ज्यांची टाळू तेलकट आहे त्यांनी जास्त वेळा धुतलं तरी बिघडत नाही. शिकेकाई वापरत असाल तर चूर्ण बारीक चाळा आणि भरपूर पाण्याने काढा, कण टाळूवर राहिले की लोक त्यालाच कोंडा समजतात.

कंडिशनर कानाच्या खालच्या केसांना लावा, दोन मिनिटं ठेवा, धुवा. बोअरचं जड पाणी असेल तर हे टाळू नका, त्या पाण्याने केस जास्तच राठ होतात.

वाळवणं

टॉवेलने खसाखसा पुसू नका. जुना सुती पंचा गुंडाळून पाणी टिपून घ्या. कोवळं ऊन मिळालं तर उत्तमच. ड्रायर लागलाच तर कमी उष्णतेवर आणि वीतभर लांब धरा. ओल्या केसांचा घट्ट अंबाडा घालून ऑफिसला पळणं सोयीचं असतं, पण रबर बसतो तिथेच केस तुटतात.

कोंडा झाला असेल तर तेल थांबवा

हे पटायला जड जातं, कारण घरातली पहिली सूचना ‘तेल लाव’ हीच असते. धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटते आणि बारीक कोरडी भुकटी पडते, तो साधा कोरडेपणा, कोमट पाण्याने आणि थोड्या तेलाने तो कमी होतो. पिवळसर, तेलकट, चिकटलेले पापुद्रे आणि खाज हा खरा कोंडा. टाळूवर मुळातच राहणारी मॅलॅसेझिया ही बुरशी त्यामागे असते आणि ती त्वचेच्या तेलावरच जगते. वरून तेल थापलं की पापुद्रे बसल्यासारखे दिसतात, इतकंच.

अशा वेळी 2 टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. फेस तीन ते पाच मिनिटं डोक्यावर राहू द्यावा लागतो. लावला आणि लगेच धुतला तर औषध वाया. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आधी डॉक्टरांना विचारावं. लिंबू चोळण्याचा उपाय मी कुणाला सांगत नाही, खाजवून सोललेल्या टाळूवर ते फक्त झोंबतं. चंदेरी जाड खपल्या दिसल्या किंवा मुलाच्या डोक्यावर केस गेलेला गोल चट्टा दिसला, तर सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

अचानक मूठभर केस गळत असतील तर

रोज 50 ते 100 केस गळणं स्वाभाविक आहे. त्याहून खूप जास्त गळत असतील तर आधी गेल्या दोन-तीन महिन्यांत काय झालं ते आठवा. पावसाळ्याच्या शेवटी डेंगी किंवा तापाने अंथरूण धरलेलं असेल, तर त्याची केसगळती नेमकी थंडीत सुरू होते. बाळंतपणानंतरही असंच होतं. ही गळती बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परत येतात. सहा महिने उलटूनही थांबली नाही, तर हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि थायरॉइड तपासून घ्या.

टोपी आणि स्कार्फ

लोकरीची टोपी केसांवर घासते. आतून सॅटीनचं अस्तर शिवून घ्या किंवा खाली मऊ सुती रुमाल बांधा. कोंडा असेल तर कानटोपी, उशीचा अभ्रा आणि फणी दर आठवड्याला धुवा, आणि फणी प्रत्येकाची वेगळी ठेवा.