शून्य सावलीचा दिवस घरच्या गच्चीवर कसा पाहाल?

‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो’ हे सामान्यज्ञानातलं आपलं पाठ वाक्य. महाराष्ट्रात ते वर्षातले दोनच दिवस खरं ठरतं, आणि त्या दिवशीही बाराच्या ठोक्याला नाही. दिल्लीकरांच्या तर सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. ज्या दिवशी तो आपल्या माथ्यावर येतो, त्या दिवशी उभ्या वस्तूची सावली तिच्याच बुडाखाली गडप होते.

आधी तारीख ठरवा. ती फक्त गावाच्या अक्षांशावर अवलंबून असते. सूर्य उत्तरेकडे सरकतो तसा हा दिवस कोल्हापुरात 6-7 मे, सोलापुरात 10-11, पुण्यात 13-14, मुंबईत 15-16, नाशकात 20 आणि नागपुरात 26 मेच्या सुमारास येतो. परतीच्या वाटेवर जुलैत किंवा ऑगस्टच्या सुरुवातीलाही येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं. म्हणून मे चुकवू नका.

मग वेळ. आपली घड्याळं 82.5 अंश पूर्व रेखांशावर चालतात, आणि त्याच्या पश्चिमेला दर अंशामागे मध्यान्ह 4 मिनिटं उशिरा होते. मेच्या मध्याला पुण्यात ती साधारण 12:31ला, मुंबईत 12:35ला, तर मेच्या अखेरीस नागपुरात 12:11ला असते. खात्री हवी तर आदल्या दिवशी काठी उभी करून बारापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण करा. सावली सर्वांत आखूड होते ती तुमची मध्यान्ह.

आता वस्तू. मी पहिल्या वर्षी फुलपात्र पालथं घातलं आणि सावली तीन दिवस आधीच गायब! फुलपात्र तोंडाकडे रुंद असतं, त्यामुळे पालथं घातल्यावर थोडी तिरकी सावली त्याच्या उतारातच लपते. उभ्या कडांचा स्टीलचा डबा घ्या, किंवा त्याहून उत्तम म्हणजे पीव्हीसी पाइपचा वीतभर, काटकोनात कापलेला तुकडा. नेमक्या क्षणी पाइपच्या आत तळाला उजेडाचं पूर्ण वर्तुळ उतरतं. ते बघायला मुलं हमखास डोकं मध्ये घालतात आणि सगळ्यांवर सावली पाडतात.

गच्चीची फरशी मात्र सपाट समजू नका. पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. मीटरमागे एक सेंटीमीटर उतार म्हणजे अर्ध्या अंशाहून जास्त, आणि या दिवसांत सूर्य रोज जेमतेम पाव अंश सरकतो. म्हणजे दोन दिवसांचा घोटाळा. पाट ठेवा, खाली कागदाच्या घड्या सारा आणि गवंड्याची लेव्हल लावून तपासा. सूर्याकडे नजर लावायची नाही, सगळं काम खाली बघूनच होतं.

एखादा दिवस हुकला तरी हळहळू नका. एका दिवसाच्या फरकाने मीटरभर काठीची सावली जेमतेम 4 मिलिमीटर पडते.

कोल्हापुरात कुणी नातेवाईक असेल आणि तुम्ही नाशकात, तर खरी गंमत पुढेच आहे. नाशकात सावली शून्य होते त्या दिवशी कोल्हापुरात मीटरभर काठी उभी करायला सांगा. तिची सावली जवळपास 5.8 सेंटीमीटर येईल, आणि तीही दक्षिणेकडे! त्यावरून कोन निघतो 3.3 अंश. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत आणि त्यांच्यातलं दक्षिणोत्तर अंतर सुमारे 365 किलोमीटर. 360 भागिले 3.3, गुणिले 365, म्हणजे पृथ्वीचा परीघ 40,000 किलोमीटरच्या आसपास. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सायीन आणि अलेक्झांड्रिया या इजिप्तमधल्या दोन शहरांवरून हेच केलं होतं. फक्त अंतर नकाशावर सरळ मोजा. एसटीच्या तिकिटावरचे किलोमीटर धरलेत तर पृथ्वी उगाच फुगेल.