कुत्र्याच्या तोंडात गाठ? या चुका टाळा

तोंडाला घाण वास येतोय, लाळेत रक्त दिसतंय, तरी "म्हातारा झालाय, दात किडले असतील" म्हणून सोडून देऊ नका. आमच्या लॅब्राडोरचा एक दात हलत होता, आम्ही दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स केला, सूज तेवढ्यापुरती उतरायची आणि परत यायची, त्यात जे दोन महिने गेले ते मला आजही खुपतात. एकाच जागी हिरडी फुगलीय, तिथलाच दात हलतोय आणि औषधाने जात नाहीये, तर बायोप्सी (गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी) कराच.

एवढी घाई का, तर कुत्र्यांच्या तोंडात सगळ्यात जास्त सापडणारा कॅन्सर म्हणजे मेलानोमा (रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर), आणि त्यात साइजला फार महत्त्व असतं. गाठ २ सेंटिमीटरच्या आत असताना ऑपरेशन झालं तर साधारण दीड वर्ष मिळू शकतं, ४ च्या पुढे गेली की काही महिनेच. आणि तो काळाच असतो असं नाही, गुलाबी पण असतो, मी तर काळं काही दिसत नाही म्हणून निर्धास्त होते.

पण कॅन्सर म्हणजे संपलंच असं धरून बसणं ही पण चूकच. रिपोर्टमध्ये प्रकार कुठला ते बघा. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (तोंडाच्या आतल्या अस्तराचा कॅन्सर) खालच्या जबड्याला असेल आणि पूर्ण निघाला तर बहुतेक कुत्रे वर्षाच्या पुढे जगतात, टॉन्सिलचा मात्र लवकर पसरतो. अकॅन्थोमॅटस अमेलोब्लास्टोमा (दात बनवणाऱ्या पेशींची गाठ) हाड पोखरतो पण शरीरात पसरत नाही, हाडासकट काढला की बहुतेक वेळा सुटका. गोल्डन रिट्रीव्हरवाल्यांनो, फायब्रोसार्कोमाच्या (मऊ, तंतुमय भागाचा कॅन्सर) रिपोर्टवर "लो ग्रेड" (म्हणजे कमी आक्रमक) वाचून थांबू नका, तोंडातला हा प्रकार दिसतो साधा आणि वाढतो झपाट्याने.

"वरची गाठ तेवढी कापा" असं डॉक्टरांना सांगू नका, मूळ हाडात असतं, ती परत येते. आधी सीटी स्कॅन, छातीचा एक्सरे, आणि जबड्याखालच्या लिम्फ नोडची (लसिका गाठ, जिथे कॅन्सर आधी पसरतो) सुईने तपासणी, नोड सुजलेला नसला तरी, कारण हाताला नॉर्मल लागणाऱ्या नोडमध्येही कॅन्सर असू शकतो.

जबड्याचा तुकडा काढायचा म्हटलं की आपलाच जीव खालीवर होतो, मीही रात्रभर रडले होते, पण बहुतेक कुत्रे काही दिवसांत मऊ खाणं स्वतःहून खायला लागतात, जीभ थोडी बाहेर लोंबते एवढंच.

आणि दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका. व्हेटने मेलॉक्सिकॅम (सूज-दुखीचं औषध) दिलं असेल आणि दुसरीकडून स्टेरॉइड चालू असेल तर लगेच फोन करून सांगा, दोन्ही एकत्र गेलं तर पोटात अल्सर होऊन रक्त जाऊ शकतं.