मक्यातील हुमणी : मित्र सूत्रकृमी ओल्या जमिनीतच सोडा

मका गुडघ्याच्या वर आला असताना शेतात मधूनमधून पिवळी ठिगळे दिसू लागली, तर युरियाची गोणी फोडण्याआधी त्या ठिगळातील एक ताट धरून वर ओढून पाहावे. ताट विनासायास हातात आले आणि त्याला तंतुमुळे उरलेली नसली, तर ती नत्राची कमतरता नव्हे, खाली हुमणी, म्हणजे मुळे खाणारी भुंगेऱ्यांची अळी आहे. मृगाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ आणि बोरीवर जमलेल्या भुंगेऱ्यांनी जमिनीत घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या आधी कुजके सेंद्रिय पदार्थ खातात, जुलैअखेरीस मुळांकडे वळतात आणि ऑक्टोबरपर्यंत तिथेच राहतात. म्हणून आजच शेतात दहा ठिकाणी एक फूट लांब, एक फूट रुंद आणि वीतभर खोल उकरावे. हे दहा खड्डे मिळून साधारण एक चौरस मीटर जमीन होते. त्या सगळ्यांत मिळून एक जरी अळी सापडली तरी उपाय हाती घ्यावा.

हा उपाय म्हणजे कीटकांना रोगी करून मारणारे सूत्रकृमी, मातीत राहणारे धाग्यासारखे बारीक कृमी. सूत्रकृमी म्हटले की डाळिंबाच्या किंवा टोमॅटोच्या मुळांवरील गाठी आठवतात आणि अनेक शेतकरी तिथेच मागे सरतात, पण आपल्याला हवी असलेली जात, हेटरोरॅब्डिटिस इंडिका, वेगळी आहे. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या तोंडात मुळात खुपसण्याची सुई असते. हेटरोरॅब्डिटिस इंडिकाला ती नसते, त्यामुळे तो पिकाला इजा करू शकत नाही. तो हुमणीच्या तोंडातून, गुदद्वारातून किंवा श्वासरंध्रांतून आत शिरतो आणि आपल्या पोटातील जिवाणू तिच्या रक्तात सोडतो. त्या जिवाणूंमुळे अळी मरते, तिच्या शरीरात सूत्रकृमींची नवी पिढी वाढते आणि सुमारे दोन आठवड्यांत हजारोंच्या संख्येने बाहेर पडून पुढची अळी शोधू लागते. बंगळूरच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने याच जातीची पावडर विकसित केली आहे.

आता ज्या एका हयगयीमुळे मी शेतामागून शेत गेलेले पाहिले आहे, तिच्याबद्दल. सूत्रकृमी कोरड्या मातीत हलू शकत नाही. त्याची लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि मातीच्या कणांभोवती जी पाण्याची पातळ साय असते, तिच्यातूनच तो सरकतो. ती साय आटली की तो जागीच अडकतो आणि मरतो. तरीही पावसाची उघडीप असताना, भेगा पडू लागलेल्या काळ्या रानात, सकाळी दहा-अकराच्या उन्हात पंप पाठीवर घेऊन फवारणी केलेली मी दरवर्षी पाहतो. उघड्या उन्हात हा जीव काही मिनिटेच तग धरतो. आठ दिवसांनी उकरल्यावर हुमणी जिवंत सापडते, औषध बोगस ठरते आणि पुन्हा दुकान गाठले जाते. तोवर अळी तिसऱ्या अवस्थेत जाऊन करंगळीहून जाड झालेली असते आणि अर्धा मका आडवा पडलेला असतो. त्या शेतकऱ्यांना फसवले ते औषधाने नव्हे, कोरड्या जमिनीने.

म्हणून जमिनीत वाफशापेक्षा थोडी अधिक ओल हवी. मूठभर माती दाबल्यावर तिचा गोळा व्हावा आणि तळहात ओलसर व्हावा, हे माझे माप आहे. पाऊस नसेल तर आदल्या दिवशी तुषार, ठिबक किंवा सरीतून हलके पाणी द्यावे, आळवणीनंतर (म्हणजे द्रावण बुंध्याशी ओतल्यावर) लगेच पुन्हा थोडे पाणी द्यावे आणि पुढचे दहा-पंधरा दिवस वरची वीतभर माती सुकू देऊ नये. मात्र सरीत पाणी साचूही देऊ नये, कारण सूत्रकृमीला हवाही लागते. हवामान खात्याने पुढील चार दिवसांत पावसाचा अंदाज दिला असेल, तर हातातील इतर काम बाजूला ठेवून आळवणी पूर्ण करावी. ज्यांच्याकडे पाण्याची सोय नाही त्यांना अशी दुसरी संधी मिळेलच असे नाही.

मात्रा एकरी 100 कोटी जिवंत सूत्रकृमींची धरावी. ती 400 लिटर पाण्यात मिसळल्यास 16 लिटरच्या पंपाला 4 कोटी येतात. नोझल व बारीक जाळी काढून ताटांच्या बुंध्याशी ओळीने आळवणी करावी. वेळ दिवस मावळतीची असावी. पंपात आधी तणनाशक किंवा कीटकनाशक वापरले असेल तर तो धुण्याच्या सोड्याने दोनदा धुवावा. द्रावण सतत ढवळावे, कारण सूत्रकृमी तळाशी बसतात, आणि ते दोन तासांत संपवावे. ठिबकमधून द्यायचे असल्यास पाणी फिल्टरमधून बाहेर पडल्यानंतरच्या नळीत सोडावे. भारी काळ्या जमिनीत सूत्रकृमी हलक्या जमिनीइतका सहज पसरत नाही. तिथे ओळ सोडून पाणी टाकणे वाया जाते, असा माझा अनुभव आहे.

खरेदी करताना जातीचे नाव, जिवंत सूत्रकृमींची संख्या आणि उत्पादनाची तारीख पाहावी. यांपैकी एखादीही गोष्ट छापायची राहिली असेल तर पाकीट परत करावे. आधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. एक थेंब काळ्या बशीत घेऊन भिंगाखाली पाहावा: वळवळणारे जिवंत असतात, सुईसारखे ताठ पडलेले मेलेले असतात. पाकीट उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये आणि बर्फाच्या कप्प्यातही ठेवू नये. पिवळ्या मक्यासाठी दुकानातून ह्युमिक, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि मुळांचे टॉनिक यांचा महागडा संच गळ्यात मारला जातो. मुळेच नसलेल्या ताटाला तो कसा लागू पडणार? कोणी फोरेटचे दाणे सुचवले तर साफ नकार द्यावा, कारण त्यावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. मुळांच्या गाठींसाठी असलेले सूत्रकृमीनाशक याच शेतात सोडले तर आपले सूत्रकृमीही मरतील. हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी मात्र सोबत चालते.

इतर कामे:
- तण काढणे
- नत्राचे हप्ते 30 व्या आणि 40 ते 45 व्या दिवशी
- पोंग्यात (शेंड्याच्या कोवळ्या पानांत) लष्करी अळीची पाहणी
- कच्चे शेणखत टाळणे
- काढणीनंतर खोल नांगरट
- पुढील मे-जूनमध्ये प्रकाश सापळे

आळवणीनंतर दहाव्या ते बाराव्या दिवशी त्याच खड्ड्यांशेजारी पुन्हा उकरावे. विटकरी लाल, मऊ पडलेल्या हुमण्या दिसल्या तर सूत्रकृमी लागू झाले आहेत. अशा अळ्या गोळा करून बांधावर फेकू नयेत. पुढची पिढी त्यांच्यातच असते, म्हणून त्या मातीत परत झाकाव्यात आणि त्या संध्याकाळी शेताला हलके पाणी द्यावे.