कार्डाचं नाव नको, नंबर बघा

भाचीसाठी जुनं ग्राफिक्स कार्ड घेतलं. पीसी सुरू केला तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (पीसीला जोडलेल्या भागांची यादी) नुसतं 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर'. ती हिरमुसली. पण कार्ड बिघडलेलं नव्हतं, ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते कार्ड चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, नव्हता. विंडोजमधलं नाव ड्रायव्हरच्या फाइलमधून येतं, कार्ड स्वतः फक्त नंबर सांगतं.

त्या नोंदीवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, डिटेल्समध्ये जाऊन यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. 'व्हेन' (VEN) पुढचे चार अंक-अक्षरं म्हणजे कंपनी: १०डीई असेल तर एनव्हिडिया, १००२ एएमडी, ८०८६ इंटेल. (इंटेलने आपल्या १९७८च्या प्रोसेसरचाच आकडा घेतलाय, मला हे फार आवडतं.) 'डेव्ह' (DEV) पुढचे चार म्हणजे मॉडेल. आमच्याकडे १सी८२ आलं, म्हणजे जीटीएक्स १०५० टीआय. मग ड्रायव्हर शोधणं सोपं झालं. लिनक्सवर 'एलएसपीसीआय -एनएन' (lspci -nn) ही कमांड हेच नंबर दाखवते.

जुनं कार्ड घेताना मात्र एवढ्यावर थांबू नका. कार्डाचा बायोस (कार्डातच साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून जुन्या चिपला नव्या मॉडेलचं नाव देणारे लोक आहेत. पैसे देण्याआधी जीपीयू-झेड (GPU-Z) हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर चालवून बघाच. ओळखलेल्या नकली कार्डाच्या नावाआधी ते 'फेक' असं लिहितं.