बांधावरच्या झाडांनी जमिनीचा कस कसा वाढवावा

बांधावर झाड उभं राहिलं म्हणजे वावराचा कस आपोआप वाढला, असं होत नाही. गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, हवेतला नत्र (नायट्रोजन) मुळांवरच्या गाठींत धरते. पण तो आधी स्वतःच वापरते. पिकाच्या वाट्याला तो येतो पाला कुजल्यावर, नाहीतर छाटणीनंतर बारीक मुळं मेल्यावर. म्हणून या कामात कुदळीपेक्षा कोयता महत्त्वाचा.

१. आधी माती तपासा. रब्बी निघाल्यावर, खत टाकण्याआधी, नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी १५-२० सेंमी खोल खड्डे घ्या. बांधाजवळची, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची माती नको. सगळी मिसळून अर्धा किलो नमुना माती तपासणीच्या प्रयोगशाळेत द्या. अहवालात पहिली नजर सेंद्रिय कर्बावर, म्हणजे कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून मातीत येणाऱ्या कर्बावर.

२. झाड जमीन बघून निवडा. आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे उतारावरची माती धो-धो पावसात वाहून जाते. तिथे बांध धरून ठेवणारा बांबू कामाचा. येवला, सिन्नरच्या हलक्या रानात पाण्याचीच ओढाताण, तिथे निलगिरी नकोच. सुबाभूळही नत्र देते, पण शेंगा पिकू दिल्या तर वावरभर रोपं उपटत बसाल. हिरवळीच्या खतासाठी, म्हणजे हिरवा पाला मातीत गाडून खत करायला, माझं मत गिरिपुष्पालाच.

३. जागा. शक्यतो उत्तरेचा बांध घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे सावली कांद्यावर न पडता पलीकडे जाते. पलीकडे शेजाऱ्याचं वावर असेल तर आधी त्याच्याशी बोला. नाशिक जिल्ह्यात बांधावरून काय काय होतं ते सांगायला नको.

४. लागवड. जून-जुलैत, जमीन चांगली भिजल्यावर, दीड-दोन फुटांवर रोपं लावा. फांदी खोचूनही गिरिपुष्प जगतं, पण बियांपासून केलेल्या रोपाचं मूळ खोल जातं आणि उन्हाळ्यात टिकतं.

५. छाटणी. पहिलं वर्ष हात लावू नका. नंतर कमरेएवढ्या उंचीवर छाटा: जूनमध्ये पेरणीआधी, नोव्हेंबरमध्ये रब्बीआधी, जमलं तर मार्चमध्येही. वाळलेल्या पाल्यात साधारण ३ टक्के नत्र असतो. कोवळा पाला सरीत टाकून मातीआड करा. जाड फांद्या मात्र गाडू नका: लाकूड कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढतात आणि पीक पिवळं पडतं. त्यांचं सरपण करा.

दोनेक वर्षांनी पाला घातलेल्या सरीतलं आणि न घातलेल्या जागेतलं एकेक वाळलेलं, सुपारीएवढं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोडा. कर्ब असलेलं बराच वेळ आकार धरून राहतं. दुसऱ्याचा बघता बघता तळाशी गाळ होतो.

६. बांधालगतच्या ओळी खुरटल्या तर झाड तोडायची घाई नको. बुंध्यापासून चार-पाच फुटांवर दोन फूट खोल चर काढा, पिकाकडे आलेली मुळं तोडा. चर बुजत गेला की पुन्हा उकरावा लागतो.