क्लायंटने फॉर्म १६ए दिलाच नाही, तरी रिटर्न कसं भरायचं

फ्रीलान्स काम करणाऱ्यांचं दरवर्षीचं दुखणं हेच, क्लायंट १६ए देत नाही, मेलला उत्तर नाही, त्यांचा अकाउंटवाला फोन उचलत नाही आणि इकडे रिटर्नची तारीख डोक्यावर. तर आधी हे लक्षात घ्या, १६ए म्हणजे तुमचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच क्लायंटने कापून सरकारकडे भरलेला टॅक्स, कापल्याचा दाखला, तो रिटर्नला जोडावा लागत नाही, आणि तो हातात नाही म्हणून ते उत्पन्न दाखवायचंच नाही असं अजिबात करू नका.

पहिलं म्हणजे इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन करून २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या टीडीएसचा उतारा) आणि एआयएस (तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांची खात्याकडे असलेली माहिती) दोन्ही काढा. कुठल्या क्लायंटने किती रकमेवर किती टीडीएस भरला ते त्यात दिसतं. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं रिटर्न भरायला क्लायंटला मे अखेरपर्यंत मुदत असते, त्यामुळे एप्रिल-मे मध्ये आकडे कमी दिसले तर लगेच घाबरायचं कारण नाही.

मग वर्षभराचं बँक स्टेटमेंट घ्या आणि प्रत्येक जमा एंट्रीसमोर कुठल्या कामाचे पैसे ते लिहा. कंटाळवाणं काम आहे पण खरा हिशोब इथेच लागतो. यूपीआयवर आलेले, रोख मिळालेले पण धरा, घरच्यांनी पाठवलेले किंवा स्वतःच्याच दुसऱ्या खात्यातून आलेले बाजूला काढा.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे. समजा बिल ४०,००० चं, त्यातले १०% म्हणजे ४,००० टीडीएस गेले, खात्यात आले ३६,०००. उत्पन्न ४०,००० च दाखवायचं, ३६,००० नाही, आणि ४,००० टॅक्समधून वजा मागायचे. बिल सापडत नसेल तर ३६,००० ला ०.९ ने भागा, मूळ रक्कम मिळते. फक्त दर १०% च होता ना ते बघा, कारण टेक्निकल सर्व्हिस म्हणून कापला असेल तर २% असतो, आणि कॉन्ट्रॅक्टचं पेमेंट म्हणून धरलं असेल तर व्यक्तीसाठी १%.

पैसे कापले पण २६एएसमध्ये एंट्रीच नाही? बऱ्याचदा पॅन चुकीचा टाकलेला असतो. क्लायंटला फोनवर न सांगता लेखी मेल करा, "अमुक तारखेच्या बिलातून ४,००० टीडीएस कापला आहे, माझ्या २६एएसमध्ये दिसत नाही, माझा पॅन हा आहे, टीडीएस रिटर्न दुरुस्त करून द्या", सोबत बिल आणि बँक एंट्री जोडा. हा मेल जपून ठेवा, कारण एंट्री नसताना क्लेम केला तर डिमांड, म्हणजे तेवढा टॅक्स भरा अशी नोटीस, येऊ शकते, आणि १९६१ च्या कायद्याच्या कलम २०५ नुसार तुमच्याकडून कापलेला टॅक्स पुन्हा तुमच्याकडे मागता येत नाही, पण कापला होता हे दाखवायला कागद लागतोच.

खर्चाची बिलं पण हरवली असतील तर त्याच कायद्याचं कलम ४४एडीए बघा, डॉक्टर, वकील, इंजिनियर, आर्किटेक्ट वगैरे ठरलेल्या व्यवसायांना ५० लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मी रक्कम नफा धरून रिटर्न भरता येतं, हिशोबाच्या वह्या लागत नाहीत. जमा मात्र पूर्ण दाखवायची.

आणि एआयएसमध्ये तुमची नसलेली रक्कम दिसली तर तिथेच त्या एंट्रीवर फीडबॅक द्या, रिटर्न भरायच्या आधी.